मैल्यावरील संशोधनासाठी निधी मागताना

पीएचडी संपवून ठाण्यात परतले तेव्हा कळवा आणि दिव्यातील चाळींमागच्या सेप्टिक टाक्यांतील गाळाचा अभ्यास करायचा, एवढेच मनात पक्के होते. त्यासाठी पैसा कोणाकडे आणि कसा मागायचा, हे ठाऊक नव्हते. पहिला प्रस्ताव मी 'विकसनशील देशांतील स्वच्छतेच्या समस्या' अशा भारदस्त नावाने पाठवला आणि तो नाकारला गेला. परीक्षकाचा शेरा तीनच शब्दांचा होता: 'नेमके काय मोजणार?'

दुसऱ्या वेळी प्रश्न एकच ठेवला: उपसलेला गाळ किती महिने साठवला म्हणजे त्यातील जंतांची अंडी मरतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शेतात वापरायच्या मैल्यात प्रति ग्रॅम कोरड्या घनपदार्थामागे 1 पेक्षा कमी अंडे असावे. हा आकडा हाती आल्यावर नमुने किती, तपासण्या किती आणि माणसे किती, हे ठरत गेले आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेला कारण मिळाले.

योजनांची निवड वयावर आणि नोकरीवर अवलंबून असते. कायम पद नसेल तर राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप हा सरळ मार्ग आहे. तिची मुदत 2 वर्षांची असते आणि सर्वसाधारण वयोमर्यादा 35 आहे. नियमित पद मिळालेल्यांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट असून त्यात 3 वर्षांसाठी 60 लाख रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत स्वच्छतेचा उल्लेख असल्याने ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी राखलेला, निधीही विचारात घ्यावा. मात्र माझा अनुभव असा की त्यांना शोधनिबंधापेक्षा बांधलेले शौचालय दाखवणे सोपे जाते.

माझी खरी चूक वेळापत्रकात झाली. टाकी ठरावीक मुदतीने उपसली जाते असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती भरून वाहू लागली की चाळकमिटी टँकर बोलावते, त्यामुळे नमुना कधी मिळेल हे आपल्या हातात राहत नाही. त्यातच खाडीलगतच्या वस्त्यांत पावसाळ्यात भूजल वर येऊन टाकीत शिरते आणि गाळ इतका पातळ होतो की जून ते सप्टेंबरचे नमुने उन्हाळ्याच्या नमुन्यांशी ताडून पाहता येत नाहीत. परवानगीची पत्रे मिळण्यातही 4 महिने गेले. म्हणून ही पत्रे अर्जापूर्वीच मिळवावीत आणि 12 महिन्यांच्या कामासाठी 18 महिने मागावेत.

हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा 2013 चा कायदा लक्षात घेऊन नमुना टँकरच्या नळीतूनच घेतला जाईल, टाकीत कोणीही उतरणार नाही, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. हातमोजे, गमबूट तसेच धनुर्वात, टायफॉइड आणि हिपॅटायटिसच्या लसी यांचा खर्चही त्यातच धरावा; हा खर्च 'किरकोळ'मध्ये ढकलला की कपातीत पहिल्यांदा तोच उडतो.

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगते. टँकरचालक नमुन्यासाठी अर्धा तास थांबतो, त्याचे पैसे मी पहिल्या वर्षी पदरचे दिले, कारण त्याची पावती नसल्याने उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कसा वापरला याच्या अधिकृत हिशेबात, तो खर्च दाखवता येईना. आता मी 'क्षेत्रकार्य' या शीर्षाखाली त्याची तरतूद आधीच करते आणि व्हाउचरवर त्याची सही त्याच जागी, टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवून घेते.