राफ्टमध्ये बसायच्या आधी राफ्ट उचलायला शिका

बारावीचा निकाल लागला की गावाकडून दोन-तीन फोन ठरलेले. "दादा, मला पण राफ्टिंगला लावा की. आयर्विन पुलावरनं उडी मारतो मी." माझंही उत्तर ठरलेलं. ये, पण त्या उडीचं तिथं कुणाला सांगू नकोस.

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा, राफ्टिंगचा गाईड. कृष्णा-वारणेच्या संगमावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, सातवीत असताना डबा सुटला. पुरात गुळाच्या काहिलीत बसून माणसं पलीकडं जाताना लहानपणापासून बघितलेली. त्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. कॉमर्सची दोन वर्षं कशीबशी ढकलली आणि एका मित्राच्या ओळखीनं रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला गेलो, तिथं कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं. सांगलीहून कऱ्हाड, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण आणि मग मुंबई-गोवा हायवेनं वर. एसटीत बसून पाठ मोडते, पण त्या रस्त्यानं गेलात तर कोलाडच्या नदीचं गणित निम्मं आधीच कळतं. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून पोफळीला वीज करतात आणि ते वाशिष्ठीत सोडतात. तसंच मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत. म्हणून भर मे महिन्यातसुद्धा कुंडलिकेत राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, चालते, तेही वीजघर चालू असेल तरच.

हे नव्या पोरानं पहिल्यांदा समजून घ्यावं. तिथं सकाळी उठल्या उठल्या आभाळाकडं कुणी बघत नाही. "पाणी सुटलं का?" एवढंच विचारतात. सुटलं की तासा-दोन तासांत सगळ्या राफ्ट पाण्यात पडायला पाहिजेत, कारण पाणी पुढं पुढं जातं आणि आपल्याला त्याच्याबरोबरच जायचं असतं. साधारण 12 किलोमीटरचा पट्टा, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या लाटा. नद्यांची ग्रेड 1 ते 6 अशी असते. पहिली म्हणजे नुसतं वाहतं पाणी आणि सहावी म्हणजे जिवावरचा खेळ. पर्यटकांना नेतात ते बहुतेक तिसरीपर्यंत, फार तर चौथीपर्यंत.

पहिले पंधरा दिवस मला कुणी पाण्यात सोडलं नाही. राफ्ट डोक्यावर घ्यायची, ट्रकवर चढवायची, खाली उतरवायची, पंप मारायचा. सहा जणांनी मिळून ओली राफ्ट उचलली की तुमचा खांदा बाकीच्यांपेक्षा उंच आहे की बुटका, हे लगेच कळतं. मी बुटका, त्यामुळं वजन पुढच्यावर आणि शिव्या मला. संध्याकाळी हेल्मेट धुवायची, जॅकेट उलटी करून वाळत घालायची, राफ्टला कुठं हवा सुटतीय का ते साबणाचं पाणी लावून बघायचं. फेस फुगला की तिथं खूण करायची, दुसऱ्या दिवशी पॅच. गाईड कुठं राहिला, मी तर हमाल झालोय असं वाटायचं. आता वाटतं, कुठली राफ्ट कुठं फाटली होती हे ज्यानं स्वतः चिकटवलंय, तोच तिला दगडापासून दूर ठेवतो.

मग एक दिवस ट्रिप लीडर म्हणाला, आज तू पडणार. म्हणजे मुद्दाम उडी मारून लाटेतून वाहत जायचं, खालच्या वळणावर कयाकवाला, म्हणजे छोट्या होडीतला बचाववाला, उचलणार. मी खूश. आता दाखवतो म्हटलं कृष्णाकाठ काय असतो ते. उडी मारली, सवयीनं पोटावर वळलो आणि हात मारायला लागलो. दहा हातांत दम गेला, कारण पाण्यात फेस असला की हाताला पाणी लागतच नाही. काठाजवळ पाणी कमरेएवढं दिसलं, म्हणून पाय टेकवून उभा राहायला गेलो. तेवढ्यात शिट्टी वाजली. एकदा नाही, सारखी वाजत राहिली. कयाकवाला नेपाळी होता. तो बाणासारखा आला आणि माझ्या जॅकेटचा खांदा धरून त्यानं मला आडवं केलं. "पैर ऊपर, भाई, पैर ऊपर!"

काठावर आल्यावर लीडर ओरडला नाही. त्यानं दोन दगडांमध्ये वल्ह्याचं टोक अडकवलं आणि म्हणाला, "हा तुझा पाय. आता ढकल." मी वरून ढकललं, वल्हं खाली वाकलं. जोरात वाहणाऱ्या पाण्यात पाय दगडात अडकला की पाणी पाठीवर दाब देतं, माणूस पुढं वाकतो आणि तोंड पाण्याखाली जातं. त्याला गुडघ्याच्या थोडं वर पाणीसुद्धा पुरतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळं दंडाच्या ताकदीचा तिथं उपयोग नाही. म्हणून पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर, आणि पाणी गुडघ्याखाली येत नाही तोवर उभं राहायचं नाही. मला पोहता येतं ही माझी अडचण होती. ज्याला पोहता येत नाही तो निमूट पाठीवर पडून राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या पोरांसाठी सांगतोच. दगडावरून पाणी पडून खाली जिथं उलटं फिरतं, त्याला तिथली माणसं होल म्हणतात. काही होल माणसाला सोडतात, काही धरून ठेवतात, आत ओढतात, वर काढतात, परत ओढतात. सगळ्यात वाईट होल कुठं असतो माहितीय? नदीभर सरळ बांधलेल्या बंधाऱ्याखाली. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून पाणी जात असताना दिसायला ते साधं दिसतं, एकसारखी पांढरी पट्टी. नैसर्गिक लाटेला कुठंतरी फट असते, बंधाऱ्याला या काठापासून त्या काठापर्यंत फट नसते. म्हैसाळच्या बंधाऱ्याखाली आम्ही लहानपणी ज्या गंमती केल्यात, त्या आठवल्या की आता घाम फुटतो. अनुभवी गाईडसुद्धा तिथं राफ्ट घालत नाहीत, उचलून काठानं नेतात.

आता कंपनीतली माणसं. पाहुण्यांना दिसतो तो मागं बसून "फॉरवर्ड! गेट डाउन!" ओरडणारा गाईड. पण ट्रिप सुरू होते ऑफिसातल्या फोनवरच्या मुलीपासून. वीजघर बंद पडलं, पाणी नाही, आणि पुण्याहून चाळीस माणसांची बस निघालीय, तेव्हा शिव्या तीच खाते. पोराचं वय काय, दम्याचा त्रास आहे का, कुणी पोटुशी आहे का, हे तिनं फोनवर नीट विचारलं नाही तर नदीकाठी सगळ्यांचा घोळ होतो. मग ड्रायव्हरमामा. ट्रकवर चार राफ्ट बांधून पावसाळ्यात गावातल्या रस्त्यानं गाडी काढणं हे लाटेतून राफ्ट काढण्याइतकंच कौशल्याचं आहे, वर त्यांच्या नावानं टाळ्या वाजत नाहीत. किचनमधल्या मावशींशी नीट वागा, कारण दीड वाजता भिजून आल्यावर भाकरी गरम मिळते की गार, हे त्यांच्या हातात असतं. फोटोवाला पोरगा कॅमेरा घेऊन खडकावर उभा असतो. पाहुण्यांना तोच जास्त आठवतो, हा अन्याय गिळायला शिका.

आणि सेफ्टी कयाकवाला. छोट्याशा होडीत एकटा, राफ्टच्या पुढं, लाटेच्या खाली वाट बघत बसलेला. पडलेल्या माणसापर्यंत आधी तोच पोचतो. घाबरलेला माणूस कयाकवर चढायला बघतो आणि त्यालाही उलटवतो, म्हणून तो आधी लांबूनच दरडावतो, मग होडीचं टोक पुढं करतो. कोलाडला ही माणसं बरीचशी नेपाळची, नाहीतर ऋषिकेशकडची. गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं, तेव्हा तिकडचे गाईड इकडं पावसाळा करतात आणि थंडीला परत जातात. या माणसांबरोबर एका खोलीत राहायला मिळालं तर राहा. मी ऋषिकेशजवळच्या शिवपुरीच्या खालच्या लाटांची नावं, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, क्लब हाउस, कोलाडच्या खोलीतल्या फरशीवर खडूनं काढलेल्या नकाशात पाठ केली. पुढं ऋषिकेशला गेलो तेव्हा नदी ओळखीची वाटली. गार मात्र इतकी की पहिल्या बुडीत श्वासच अडकला.

थ्रो बॅगेबद्दल थोडं. पिशवीत भरलेला 15 ते 20 मीटरचा दोर. टोक हातात धरून पिशवी फेकायची, दोर आपोआप सुटत जातो. पडलेल्याच्या पुढं किंवा मागं टाकून उपयोग नाही, त्याच्या छातीवरच पडला पाहिजे. तो वाहतोय, त्यामुळं दुसरी संधी बहुतेक मिळत नाही. मी रोज संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा एका जुन्या टायरवर फेकायचो. फेकणं आठवड्यात जमलं. दोर परत पिशवीत भरणं जमायला महिना लागला. गुंडाळी करून भरायचा नाही, नुसता कोंबत जायचा. व्यवस्थित गुंडाळलेला दोर नेमका वेळेला गुंततो. माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसाला हे पटायला वेळ गेला.

कंपनी कशी निवडायची? वेबसाइट बघू नका, जॅकेट बघा. माझी पहिली कंपनी, नाव घेत नाही, तिथं निम्म्या जॅकेटांची बकलं तुटलेली आणि सुतळीनं बांधलेली होती. विचारलं तर "पाणी कमी आहे, चालतंय". दोन महिने पगार नाही, "शिकतोयस ना" म्हणून. सोडली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. त्यानंतरही आपल्या भागातलं पोरगं जॅकेटबाबत "चालतंय" ऐकून घेत असेल, तर त्यानं राफ्टिंगला जाऊ नये. जॅकेट घातल्यावर पाहुण्याच्या खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचे. जॅकेट कानापर्यंत आलं तर परत आवळायचं. माणूस मोठ्या हुद्द्यावरचा असला आणि सेल्फीत मग्न असला तरी. दुसरं बघायचं ते म्हणजे तिथं नाही कोण म्हणतं. दारू पिऊन आलेल्या ग्रुपला ट्रिप लीडर परत पाठवू शकतो का, की मालक फोन करून त्याला गप्प बसवतो? एकदा बारा जणांचे पैसे परत दिलेले मी बघितले आणि त्याच कंपनीत चार वर्षं काढली.

कागदांचं थोडक्यात. वय 18 पूर्ण पाहिजे. प्रथमोपचार आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन माणूस वाचवणं, आधी शिका. 30 दाब, 2 श्वास हे सगळे पाठ करतात, पण बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते, त्यामुळं श्वास टाळून चालत नाही, हे पुतळ्यावर करून बघा. वाहत्या पाण्यातल्या बचावाचा वेगळा कोर्स असतो, तो पहिल्या हंगामानंतर केलात तर जास्त कळेल. गोव्याला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं जीवरक्षकाचं आणि पॉवरबोटीचं शिक्षण मिळतं. उत्तराखंडात गाईडला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. आपल्याकडं 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून कंपनीनं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोकरीला जाताना नोंदणी विचारा, तुमचा विमा आहे का तेही विचारा. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरंच कळतं.

पैसा ट्रिपवर असतो. पावसाळ्यात शनिवार-रविवार हात भरतात आणि फेब्रुवारीत मंगळवारी नुसता चहा. खांदा जपा, वल्हं डोक्याच्या वर जाऊ देऊ नका, खांदा निखळला की हंगाम गेला. घरचे "हे किती दिवस करणार?" विचारतात. मीही आता निम्मा वेळ नव्या पोरांना शिकवतो, निम्मा वेळ ऑफिसात बसतो.

गेल्या दिवाळीत घरी आलो होतो. संगमावर आमचे एक नात्यातले काका बसलेले. आयुष्यभर त्यांनी नाव चालवली. मी त्यांना कौतुकानं फेरी अँगल समजावून सांगत होतो. राफ्टला पलीकडं न्यायचं तर सरळ पलीकडं वल्हवायचं नाही, नाक प्रवाहाच्या उलट थोडं तिरकं धरायचं, मग नदीच तिला आडवी सरकवते. हे शिकायला मला एक अख्खा हंगाम लागला होता. काकांनी तंबाखू मळून तोंडात टाकली आणि नदीकडं बघत म्हणाले, "मग आम्ही काय करत हुतो? काठाकाठानं वर न्यायची, तोंड वर धरायचं, सोडायची. नाव आपसूक कोथळीला." थोडा वेळ गप्प बसले आणि मग माझ्याकडं वळले.

"ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?"