लोंबोक किंवा बालीच्या खेड्यात जमीन घेताना

इंडोनेशियात 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी माणसाला मिळत नाही. दलाल सुचवतो की जमीन गावातल्या कुणाच्या नावावर घ्या, आपसात करार करू. तसं करू नका. १९६० च्या जमीन कायद्याच्या कलम २६ नुसार असा आडमार्गाचा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत.

सरळ वाट भाडेपट्ट्याची. दर बहुधा दर आर, दर वर्ष असा सांगतात. आर म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचाच, १०० चौरस मीटर. पूर्ण मुदतीचं भाडं सहसा आगाऊ द्यावं लागतं, म्हणून मुदतवाढीचा दर कसा ठरेल ते आधीच लिहून घ्या. 'पुढे बघू' म्हणजे तुमचं घर उभं राहिल्यावर मालक म्हणेल तो भाव.

सहीआधी नोटरीकडून जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र तपासून घ्या. वडिलोपार्जित जमिनीवर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. भातखाचर असेल तर तिथे बांधकामाला परवानगी आहे का, तेही विचारा. आणि वाट! प्लॉटपर्यंतची पायवाट दुसऱ्याच्या सर्व्हेत असेल, तर तिचा हक्कही करारात लेखी घ्या.