कव्हर लेटर कसं लिहायचं: अकाउंट्सच्या नोकरीचं उदाहरण घेऊन

कव्हर लेटर म्हणजे रेझ्युमेतलंच सगळं परत वाक्यांत लिहून काढायचं असा बऱ्याच जणांचा समज असतो, म्हणून मग ते लिहायचा कंटाळा येतो आणि गूगलवरून कुठलंतरी उचलून, कंपनीचं नाव बदलून पाठवून दिलं जातं. मी अकाउंट्समध्ये काम करते, आमच्याकडे जागा निघाली की एचआर आलेले मेल आम्हालाही पाठवतं आणि पहिली चाळणी बहुतेक वेळा माझ्याकडे असते. मेल उघडताना मला एकच गोष्ट बघायची असते, आम्हाला जे काम करून घ्यायचंय ते या मुलाने किंवा मुलीने आधी कुठे केलंय का, आणि केलं असेल तर नेमकं कसं. हे पहिल्या चार ओळींत कळलं तर मी रेझ्युमे उघडतेच. नाही कळलं तर कधी उघडते, कधी राहून जातं, खरं सांगायचं तर.

आधी हे बघून घ्या की पत्र लागतंय का. सरकारी भरतीत, म्हणजे एमपीएससी, जिल्हा परिषद वगैरे, ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे कव्हर लेटरचा विषयच नाही. नोकरी डॉट कॉमवर बऱ्याच ठिकाणी नुसतं अप्लाय दाबायचं असतं. पण जाहिरातीत मेल आयडी दिलाय, कोणाच्या ओळखीने रेझ्युमे जातोय, मध्ये गॅप आहे, फील्ड बदलायचंय किंवा तुम्ही फ्रेशर आहात, तर पत्र लिहाच. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्यांमध्ये तर मेल माणूसच वाचतो, आणि तिथे नीट लिहिलेल्या पत्राचा खूप फायदा होतो.

आता आपल्याकडे होतं काय ते सांगते. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, मग पत्र लिहायची वेळ आली की दोन प्रकार होतात. एक तर उसनी विशेषणं येतात, हार्डवर्किंग, सिन्सिअर, डायनॅमिक, टीम प्लेअर, क्विक लर्नर, सगळ्यांच्या पत्रात तीच आणि त्याच क्रमाने. नाहीतर विनवणी येते, घरची परिस्थिती बेताची आहे, वडील शेतकरी आहेत, एक संधी द्यावी ही नम्र विनंती. वाचताना वाईट वाटतं, मनापासून वाटतं, पण त्यावरून कोणाला इंटरव्ह्यूला बोलवता येत नाही हो, कारण कामाबद्दल त्यात काहीच नसतं. या दोन्हीपेक्षा सोपा रस्ता आहे, केलेलं काम जसं केलं तसं सांगायचं. त्यात बढाई नाही आणि लाचारीही नाही, आणि वाचणाऱ्याला जे हवं ते नेमकं मिळतं.

त्यासाठी सुरुवात जाहिरातीपासून करायची. समजा जाहिरात अशी आहे: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, भोसरी, इंजिनिअरिंग पार्ट्स बनवणारी कंपनी, अनुभव १ ते ३ वर्षं, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, व्हेंडर रिकन्सिलिएशन, एक्सेल चांगलं हवं. टॅली (हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल तर प्रत्येकच जाहिरातीत असतं, ते सोडा. व्हेंडर रिकन्सिलिएशन, म्हणजे ज्यांच्याकडून माल घेतो त्यांची बिलं आपल्या नोंदींशी जुळवणं, हे वेगळं काढून का लिहिलंय याचा विचार करा. १ जानेवारी २०२२ पासून व्हेंडरने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, आलं तरच त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येतं. व्हेंडर जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरणार ११ तारखेपर्यंत, आपली २बी तयार होणार १४ ला, आणि आपलं ३बी (टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न) भरायचं २० च्या आत, म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांत सगळी खरेदीची बिलं मॅच करायची, जी दिसत नाहीत त्यांच्यासाठी व्हेंडरच्या मागे लागायचं, नाहीतर तेवढा टॅक्स खिशातून भरायचा आणि क्रेडिटची वाट बघत बसायचं. ज्या कंपनीचे व्हेंडर भरपूर आहेत तिथे हे दर महिन्याचं दुखणं आहे. जाहिरात देणाऱ्याला या दुखण्यावर माणूस हवाय. तुमच्या पत्राचा मधला पॅरा यावरच पाहिजे.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल तरी रीत हीच, जाहिरातीतला असा एक शब्द शोधायचा जो सगळीकडे नसतो, आणि तो तिथे का आलाय ते त्या कामातल्या एखाद्या माणसाला विचारायचं. हा अर्धा तास पत्र लिहिण्यापेक्षाही महत्त्वाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनीबद्दलही थोडं बघून घ्या. वेबसाइटवर काय बनवतात ते कळतं, जीएसटी पोर्टलवर कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की नाव, पत्ता, रजिस्ट्रेशन चालू आहे की रद्द झालंय हे कोणालाही लॉगिन न करता दिसतं. यात दुसरा फायदा म्हणजे खोट्या जाहिराती ओळखू येतात. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट असलं काही मागत असतील तर तिथे पत्रच पाठवू नका.

आता नमुना देते. बार्शीच्या सीए ऑफिसमध्ये दीड वर्ष काम केलेला बीकॉम मुलगा वर सांगितलेल्या जागेसाठी लिहितोय असं धरून चाला, आकडे अर्थातच उदाहरणापुरते आहेत.

विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, भोसरी – जीएसटी आणि व्हेंडर रिकन्सिलिएशनचा दीड वर्षांचा अनुभव

नमस्कार,

भोसरीच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत व्हेंडर रिकन्सिलिएशन लिहिलं आहे, गेलं दीड वर्ष माझं मुख्य काम तेच आहे.

बार्शीतल्या एका सीए ऑफिसमध्ये मी महिन्याचं रिटर्न भरणाऱ्या १२ क्लायंटचं जीएसटी बघतो. दर महिन्याला २बी आली की टॅलीच्या पर्चेस रजिस्टरशी एक्सेलमध्ये मॅच करतो, न दिसणारी बिलं, चुकीचा जीएसटी नंबर आणि रकमेतला फरक अशा तीन याद्या करतो, व्हेंडरना स्वतः फोन करतो आणि १८ तारखेपर्यंत ३बी चं वर्किंग सरांना देतो. एका क्लायंटची जुनी २३ बिलं क्रेडिटमध्ये येत नव्हती, व्हेंडरने ती चुकून बी टू सी मध्ये दाखवली होती, ते शोधून त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं.

जॉबवर्कची चलनं आणि स्टॉकचं काम मी अजून केलेलं नाही, ते शिकायचं आहे. टीडीएसची चलनं आणि बँक रिकन्सिलिएशन करतो.

एक महिन्याची नोटीस आहे. भोसरीजवळ राहायची सोय झालेली आहे. इंटरव्ह्यूसाठी कोणत्याही दिवशी येऊ शकतो, एक दिवस आधी कळवावं.

नाव, मोबाइल नंबर

एवढंच. (पत्रातलं बी टू सी म्हणजे साध्या ग्राहकाला केलेली विक्री.) दोनशे शब्दांच्या आत संपलं, मोबाइलवर वाचलं तरी फार स्क्रोल करावं लागत नाही. तीन याद्या केल्या हे वाक्य बघा, ज्याने हे काम केलेलं नाही त्याला ते सुचणारच नाही, आणि ज्याने केलंय तो वाचणारा लगेच ओळखतो. ‘आय हॅव गुड नॉलेज ऑफ जीएसटी’ या वाक्याने हे होत नाही. तसंच जे येत नाही तेही एका ओळीत सरळ सांगितलंय, लपवलं तर इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत कळतंच, आणि आधीच सांगितलं की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. आणि क्लायंटचं नाव कुठेही नाही हेही बघा. आज दुसऱ्याची माहिती पत्रात लिहिणारा उद्या आमचीही लिहील असं अकाउंट्समधल्या कोणालाही वाटणार, त्यामुळे नाव कधीच टाकायचं नाही.

पत्र इंग्रजीत पाठवायचं असतं आणि तिथेच मराठी मीडियमची मुलं अडतात. माझं ऐका, आधी मराठीत लिहा, व्हॉट्सॲपवर मित्राला सांगतो तसं, मी दर महिन्याला काय करतो ते. मग त्याची छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करा, कर्ता, क्रियापद, कर्म, बस. ‘एव्हरी मंथ आय मॅच टू-बी विथ द पर्चेस रजिस्टर’ हे वाक्य उत्तम आहे, त्याला सजवायची गरज नाही. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ वगैरे तर अजिबात नको. एआयकडून लिहून घेणारे आता खूप झालेत आणि ती पत्रं ओळखू येतात, सगळी गुळगुळीत आणि कामाचा तपशील शून्य. आधी स्वतः लिहा, मग व्याकरण आणि स्पेलिंग तपासायला एआय वापरा, आणि त्याने घातलेलं एखादं वाक्य तुम्ही इंटरव्ह्यूत तोंडाने बोलू शकत नसाल तर ते काढून टाका.

शाळा, पतसंस्था, सहकारी बँक अशा ठिकाणी मात्र मराठी अर्जच चालतो, तिथे प्रति, विषय, महोदय हा साचा ठेवायचा, मधला मजकूर वरच्यासारखाच.

फ्रेशर असाल तर म्हणाल आमच्याकडे काय काम आहे दाखवायला. असतं. मामाच्या दुकानाची बिलं टॅलीत चढवलीत, गावातल्या दूध डेअरीत पंधरवड्याचं पेमेंट काढायला मदत केलीय, गणेश मंडळाचा जमाखर्च लिहिलाय, हे सगळं काम आहे. मंडळाचंच घ्या, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी काढून वर्गणी गोळा केली, पावतीपुस्तकं एकेक करून जुळवली, मंडपवाल्याचं नि साउंडवाल्याचं बिल तपासलं, शेवटी सगळ्यांसमोर हिशोब मांडला, ही एका ओळीतली माहिती मला ‘क्विक लर्नर’ पेक्षा दहा पटीने जास्त सांगते. पैशाचा हिशोब लोकांसमोर ठेवायची या मुलाला सवय आहे, हे अकाउंट्समध्ये फार मोलाचं. फक्त टॅलीचा कोर्स केलाय असं लिहून थांबू नका, कोर्समध्ये डमी कंपनी तयार करून काय काय एन्ट्री केल्या ते लिहा.

गॅप असेल तर एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं. बाळंतपणानंतर तीन वर्षं घरी होते, आता मूल शाळेत जातं, पूर्ण वेळ काम करू शकते, दरम्यान ई-इनव्हॉइसिंग शिकून घेतलं. सासूबाई सांभाळतात, नवऱ्याची परवानगी आहे असलं काही लिहायचं नाही, कोणाला तुमच्या घरातलं जाणून घ्यायचा हक्क नाही. स्पर्धा परीक्षांमध्ये वर्षं गेलेल्या मुलांना तर याचा फार संकोच वाटतो असं मी बघते. वाटून घेऊ नका. २०२१ ते २०२४ एमपीएससीची तयारी केली, आता खासगी क्षेत्रातच काम करायचं ठरवलंय, एवढं पुरे. समोरच्याला भीती एवढीच असते की परीक्षेची तारीख आली की हा सोडून जाईल, त्यामुळे ते ‘ठरवलंय’ वालं वाक्य खरं असेल तर नक्की लिहा.

पगार त्यांनी विचारला असेल तरच लिहा, विचारून उत्तर न देणं बरं दिसत नाही. आधार, पॅन, जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव यातलं काही पत्रात नको. आधार-पॅन तर नोकरी पक्की होईपर्यंत कोणाला मेलच करायचे नाहीत.

पाठवतानाच्या थोड्या गोष्टी. पत्र मेलच्या बॉडीतच टाइप करा, वेगळी फाइल जोडली तर ती उघडायचा आळस होतो. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलचं नाव म्हणजे तुमचं नाव आणि पद, ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ नको, कारण डाउनलोड केल्यावर तो कोणाचा तेच कळत नाही. टू मध्ये एकच आयडी, दहा कंपन्यांना एकत्र पाठवलेला मेल मी वाचत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवा, अटॅचमेंट विसरल्याचं सेंड दाबल्यावरच आठवतं. आणि पत्र एकदा मोठ्याने वाचून बघा, कंपनीचं नाव आणि पदाचं नाव बोट ठेवून तपासा, आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेली पत्रं अजूनही येतात.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, अमुक तारखेला अर्ज केला होता, जागा अजून आहे का, मी अजून इच्छुक आहे. फोन करायचा असेल तर अकाउंट्सवाल्यांचं कॅलेंडर बघून करा, ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ आणि २० ला जीएसटी, महिनाअखेरीला पगार आणि क्लोजिंग. २१ ते २५ च्या मधल्या दिवसांत, दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर, नाव आणि पद सांगून दोन मिनिटं आहेत का असं विचारलंत तर शक्यतो कोणी तोडून बोलत नाही.