टॅक्टाइल टाइल्सचं पहिलं काम हातात आलंय? मग माझी चूक आधी वाचा

दृष्टिहीन लोकांसाठी फुटपाथ, बाग, बसस्टॉप असल्या जागा डिझाइन करायच्या तर सुरुवात कुठून करू, असं नुकतेच कामाला लागलेले बरेच जण विचारतात. रॅम्पला 1:12 चा उतार, हँडरेल, हे सगळं कॉलेजात झालेलं असतं, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. मी कुठे अडकले ते सांगते, टॅक्टाइल टाइल्समध्ये, म्हणजे पायाला आणि काठीला उंचवटा कळावा म्हणून जमिनीत बसवतात त्या टाइल्समध्ये. सहा वर्षं झाली, पण तो फुटपाथ आठवला की अजून पोटात खड्डा पडतो.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे साधारण चारशे मीटर फुटपाथ. ड्रॉइंगमध्ये मधोमध पिवळी पट्टी काढली, हॅच (आतल्या रेघांची भरण) भरला आणि बीओक्यूमध्ये, म्हणजे लागणाऱ्या मालाच्या आणि नगांच्या यादीत, एक आयटम टाकला, टॅक्टाइल टाइल, 300 बाय 300, पिवळी, तेराशे चाळीस नग. ती एक ओळ लिहिली तिथेच सगळं चुकलं.

कारण टॅक्टाइल टाइल दोन प्रकारची असते. उभ्या पट्ट्यांची टाइल म्हणजे चालत राहा, पट्ट्या ज्या दिशेने त्या दिशेने. गोल ठिपक्यांची टाइल म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे, जिना, क्रॉसिंग, वळण, प्लॅटफॉर्मची कड. जपानमध्ये सेइची मियाके यांनी 1965 मध्ये ही टाइल बनवली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या क्रॉसिंगला ती पहिल्यांदा बसली. म्हणजे ती जन्मालाच आली रस्त्याच्या कडेला माणसाला सावध करायला. हे मला माहीत होतं हो! परीक्षेत लिहिलं होतं. पण बीओक्यूत दोन वेगळे आयटम केले नाहीत, आणि काँट्रॅक्टर ड्रॉइंग वाचून नाही, बीओक्यू वाचून माल मागवतो. त्याच्याकडे ठिपक्यांची टाइल आली, तेराशे चाळीस नग सगळी ठिपक्यांची, आणि मिस्त्रींनी ती दोरी लावून इतकी सरळ बसवली की साइटवर सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढले.

मग एक काका आले, बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, काचबिंदूने तिशीच्या आत नजर गेलेली. मीच त्यांना बोलावलं होतं, कौतुक ऐकायला म्हणा ना. दोन पावलं चालले आणि थांबले. "इथे काय आहे गं?" काही नाही काका, चला. परत काठी फिरवली, परत थांबले. असं चार-पाच वेळा झालं, मग ते पिवळी पट्टी सोडून शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीला काठी लावून भराभर चालायला लागले. म्हणाले, "ती सारखी थांब थांब म्हणतेय, ही भिंत बरी."

खरा धोका पुढे होता. क्रॉसिंगजवळ व्हीलचेअरसाठी आम्ही कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच कड, उतरवून रस्त्याच्या लेव्हलला आणला होता, जे बरोबरच आहे. पण कर्बची पायरी गेली की काठीला फुटपाथ कुठे संपला ते कळत नाही, म्हणून तिथे ठिपके लागतातच. ठिपके होते. पण चारशे मीटर तेच ठिपके पायाखाली आल्यावर त्या शेवटच्या ठिपक्यांवर कोण विश्वास ठेवणार? काकांनी नाही ठेवला. एक पाऊल रस्त्यावर पडलं, मी दंड धरून मागे ओढलं आणि समोरून रिक्षा गेली.

नंतर दोन्ही क्रॉसिंगच्या आधीचे दहा-दहा मीटर तेवढे बदलून मिळाले, पट्ट्या आणि शेवटी ठिपके. मधला भाग अजून तसाच आहे.

तर, दोन आयटम, दोन वेगळे नग, दोन वेगळे हॅच. आणि ड्रॉइंगवर बाण काढून लिहा की पट्ट्या चालण्याच्या दिशेने, कारण आडव्या बसवलेल्या पट्ट्याही मी पाहिल्यात, आणि बसवणाऱ्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मिस्त्रींना समजावून सांगा, नुसतं ड्रॉइंग हातात देऊ नका. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हे आधी कळलं असतं तर मीच माल परत पाठवला असता."

आता माझी मतं, पटली तर घ्या. कॅड ब्लॉक, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचे तयार तुकडे, डाउनलोड करून चिकटवू नका. "कोडमध्ये आहे तेवढं कर" म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा पांढऱ्या काठीने चालायला शिकवणारे मोबिलिटी ट्रेनर असतात, त्यांच्यासोबत एक सकाळ काढा. आणि डोळ्याला पट्टी बांधून चालायचे वर्कशॉप मला अजिबात आवडत नाहीत. दहा मिनिटं पट्टी बांधून तुम्हाला भीती कळते, वीस वर्षं काठीने चालणाऱ्याचं कसब नाही कळत, आणि मग आपण भीतीपोटी जिथे तिथे टाइल टाकत सुटतो. जिथे सलग भिंत किंवा कड आहे तिथे माणूस तिच्या आधाराने चालतो, टाइल मोकळ्या चौकात जास्त लागते. शिवाय बऱ्याच जणांना थोडं दिसत असतं, त्यांना तो पिवळा रंग लागतो, म्हणून छान दिसतं म्हणून राखाडी फरशीत राखाडी टाइल कोणी सुचवली तर भांडा.

काठी कमरेच्या वरचं सांगत नाही हेही लक्षात ठेवा. डोक्याच्या उंचीला आलेला दुकानाचा बोर्ड, झाडाची फांदी, जिन्याची खालची तिरकी बाजू, हे थेट कपाळावर बसतं.

घाबरू नका पण. हे काम शिकता येतं, आणि कायदाही आता तुमच्या बाजूने आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 2021 ची केंद्राची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि राजीव रतुरी यांच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नुसत्या शिफारसी चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन, त्यांची याचिका 2005 ची. मीटिंगमध्ये कोणी "हे ऑप्शनल आहे ना" म्हणालं की मी हा निकाल पुढे ठेवते.

शेवटचं एक. सगळा माल बसायच्या आधी तीन मीटरचा नमुना बसवून घ्या, शेवटाला ठिपके असलेला, आणि काठी वापरणाऱ्या दोघातिघांना त्यावरून चालवा, त्यांना रिक्षाभाडं आणि वेळेचे पैसे देऊन. त्यांना हाताला धरून ओढत नेऊ नका, तुमचं कोपर पुढे करा, ते धरतील. तुम्ही स्वतः चालाल तेव्हा सेफ्टी शूज काढून पातळ तळव्याची चप्पल घाला. जेमतेम 5 मिलिमीटरचा उंचवटा असतो तो, माझ्या जाड बुटातून मला पट्टी कुठली आणि ठिपका कुठला हे त्या दिवशी कळलंच नव्हतं.