९८७६५४३२१ सारखा मोठा आकडा हाताने कसा फोडायचा

मोठा आकडा दिसला की आपण लगेच मोबाईल काढतो, पण कागदावर करायला हे काम भारी आहे. नियम एकच, आधी अवयव पाडायचे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

९८,७६,५४,३२१ घेऊ. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणारच, भागून उरले १०,९७,३९,३६९. याची बेरीज ४७, ३ चा विषय संपला. शेवटी ९ आहे म्हणून २ आणि ५ पण बाद.

७, ११, १३ वेगवेगळे तपासत बसू नका. तिघांचा गुणाकार १००१ येतो, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून अधिक-वजा करायचे: ३६९ − ७३९ + १०९ = −२६१. २६१ ला तिघांपैकी कोणीच भागत नाही (१३ तर एकाने हुकला). १७ साठी शेवटचा अंक काढून त्याची पाचपट उरलेल्यातून वजा करा आणि हेच करत राहा, शेवटी ६८ येतात, सतरा चोक अडुसष्ट, जमलं! भागल्यावर ६४,५५,२५७. आता लगेच १९ कडे पळायचं नाही, परत १७ नेच बघा, परत भाग जातो आणि राहतात ३,७९,७२१.

याचं वर्गमूळ ६१६ च्या जरा पुढे, म्हणजे १९ पासून ६१३ पर्यंतच्या मूळ संख्याच तपासायच्या. हा भाग खरंच बोअर आहे, इथे कॅल्क्युलेटर वापरला तरी चालेल. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्याच. झालं, ३² × १७² × ३७९७२१. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ३ × ३ × २ = १८ विभाजक.

आता खरी मजा, दोन वर्गांची बेरीज. ४ ने भागल्यावर ३ उरतात असा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला असेल तरच हे जमतं. आपल्याकडे असा फक्त ३ आहे आणि तो दोनदा आलाय, सो ओके. ३७९७२१ मधून ६१६², ६१५² असं एकेक वजा करत खाली या आणि उरतं ते पूर्ण वर्ग आहे का बघा, ६११ ला ६४०० उरतात म्हणजे ८०². दोन्ही ५१ ने (३ × १७) गुणा: ३११६१² + ४०८०². पडताळून बघा, बरोब्बर येतं.

अजून एक, यातून १२३४५६७८९ वजा केले की ८६४१९७५३२, पुन्हा १ ते ९ सगळे अंक! आपल्या देवळालीचे गणितवेडे कापरेकर मास्तर, त्यांची क्रिया हीच, संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे आणि येणाऱ्या उत्तरावर परत तेच, चार अंकांत (सगळे अंक सारखे नसले की) ती ६१७४ वर येऊन थांबते आणि नऊ अंकांत ८६४१९७५३२ वर पोचलात की तिथेच अडकता.

सराव म्हणून १२३४५६७८९ फोडा, पण ९ ने भागून झाल्यावर थेट ३६०७ पर्यंत काहीच लागत नाही, त्यामुळे चहा करूनच बसा.