मायदेशी परतावे की नाही, हे कसे ठरवावे

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षे राहिलेल्या मराठी घरांत "अजून दोन वर्षांनी बघू" हे वाक्य हमखास ऐकू येते. मुलगी बालवाडीत असताना उच्चारलेले हे वाक्य ती आठवीत गेली तरी बदललेले नसते, आणि दरम्यान तिच्या शाळेने, घराच्या हप्त्यांनी आणि आई-वडिलांच्या वयाने आपल्या वतीने निर्णय घेऊन टाकलेला असतो. आम्ही न्यू जर्सीत बारा वर्षे राहून पुण्याला परतलो. परतणेच योग्य, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. निर्णय कोणताही असो, तो आपण स्वतः आणि वेळेवर घ्यावा, एवढीच कळकळ आहे, आणि तो कसा घ्यावा हे येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीला "भारत चांगला की अमेरिका" हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्यावर रात्रभर वाद घातला तरी हाती काही लागत नाही. त्याऐवजी एक वही घ्यावी आणि घरातल्या प्रत्येकाचा एक साधा मंगळवार दोन्ही ठिकाणी कसा जाईल, ते सकाळी उठण्यापासून झोपेपर्यंत लिहून काढावे. कामावर किती वाजता निघणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, संध्याकाळी कोणाशी बोलणार, स्वयंपाक कोण करणार, हे लिहिताना ज्या ठिकाणी लेखणी अडते, तेथेच आपल्याला माहिती नाही असे समजावे. नवरा-बायकोने ही पाने वेगवेगळी लिहावीत आणि मगच एकमेकांना दाखवावीत. परतण्याचा विचार बहुधा नवऱ्याच्या आई-वडिलांच्या निमित्ताने सुरू होतो, पण सासरच्या माणसांच्या रोजच्या अपेक्षा, येणारे-जाणारे आणि सणवार यांचा भार बायकोच्या मंगळवारावर पडतो. तिची स्वतःची नोकरी भारतात कोणत्या स्वरूपात चालू राहील, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. याउलट, व्हिसाच्या अटींमुळे तिथे वर्षानुवर्षे घरी बसावे लागलेल्या एखाद्या बाईला परतण्यातच मोकळा श्वास दिसत असतो, आणि तेही कोणी विचारल्याशिवाय कळत नाही.

वहीतील कोऱ्या जागा भरण्यासाठी भारतात प्रत्यक्ष राहून पाहावे. डिसेंबरातल्या तीन आठवड्यांच्या सुट्टीचा यासाठी काही उपयोग नाही, कारण तेव्हा हवा गार असते, लग्नसराई असते, सगळे नातेवाईक रजा काढून भेटायला येतात आणि आपल्याला साधे विजेचे बिलही भरावे लागत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे कडक ऊन आणि पहिला पाऊस दोन्ही अनुभवता येतील असे आठ आठवडे निवडावेत, बिनपगारी रजा घ्यावी लागली तरी घ्यावी, आणि आई-वडिलांच्या घरी पाहुणा म्हणून न राहता भाड्याचे घर घ्यावे.

आम्ही बाणेरला असेच राहिलो. पहाटे सव्वापाचच्या सुमारास टँकर येई, वॉचमन जाड पाइप टाकीच्या झाकणापर्यंत ओढत नेई, आणि सकाळी दोन तास पाणी सोडले जाई. आमच्या वहीत भीतीच्या यादीत पाणी पहिल्या क्रमांकावर होते, पण दुसऱ्या आठवड्यानंतर त्याची सवय झाली. हिंजवडीच्या रस्त्यावर गाडीत जाणारा दीड तास मात्र शेवटपर्यंत अंगवळणी पडला नाही, आणि म्हणून नोकरी शोधताना आम्ही घराजवळच्या कार्यालयांपलीकडे पाहिले नाही. कोणती गोष्ट आपल्याला सोसते आणि कोणती सोसत नाही, याचा अंदाज दुरून बांधता येत नाही.

आई-वडिलांविषयी विचार करताना "मी परत आल्याने त्यांच्या आयुष्यात नेमके काय बदलेल?" हा प्रश्न विचारावा. माझे वडील साताऱ्यात राहत. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ते "गोळ्या वेळेवर चालू आहेत" असे सांगत, आणि ते खोटे बोलत नव्हते. त्या मुक्कामात मी एका गुरुवारी न सांगता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टेबलावरच्या सात कप्प्यांच्या डबीत सोमवारचा आणि मंगळवारचा रात्रीचा कप्पा भरलेलाच होता. रक्तदाबाची पांढरी गोळी आणि अर्धी तोडलेली झोपेची गोळी, दोन्ही तशाच. पुणे ते सातारा सुमारे ११० किलोमीटर आहे. मी पुण्यात राहायला आलो म्हणून ती डबी रोज रात्री रिकामी होणार नव्हती. त्यासाठी एक तर मला साताऱ्यात राहायला हवे होते, किंवा त्यांना पुण्यात आणायला हवे होते, किंवा संध्याकाळी घरी येणारी विश्वासू व्यक्ती नेमायला हवी होती, आणि यातले तिसरे काम न्यू जर्सीत बसूनही करता आले असते. आपण परतलो की त्यांचे सगळे ठीक होईल, ही समजूत तपासून पाहावी. त्यांच्याशी उघड बोलावे. "तुम्ही तुमचे बघा" या त्यांच्या वाक्यावर विषय संपवू नये, कारण त्यामागे "या" हेही असू शकते आणि "आमच्यासाठी सगळे सोडून येऊ नका" हेही.

मुलांच्या बाबतीत वय सर्वांत महत्त्वाचे आहे. चौथी-पाचवीपर्यंतची मुले भाषा आणि मित्र पटकन उचलतात; आठवीनंतर हे फार जड जाते, आणि नववीतल्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध हलवण्यापेक्षा त्याचे शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यान्वये शिक्षण मंडळ (बोर्ड) कोणतेही असो, शाळेत मराठी विषय सक्तीचा आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला लिहिता-वाचता येते की केवळ बोलता येते, हे आधीच पाहावे. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे तिथले नागरिक असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार, त्या तारखेनंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओळखपत्र) मिळालेल्यांना नीट, जेईई यांसारख्या परीक्षांनंतरच्या प्रवेशात अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी पात्र धरले जाते; केवळ भारतीय नागरिकांसाठी राखीव असलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर हा फरक शुल्काच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि तो बारावीनंतर कळणे घरासाठी अतिशय क्लेशदायक ठरते.

पैशांच्या बाबतीत परतण्याच्या तारखेला विलक्षण महत्त्व आहे. आयकराच्या नियमांत 'निवासी परंतु सामान्यतः निवासी नाही' असा एक दर्जा आहे, ज्याला सगळे 'आरएनओआर' म्हणतात. आधीच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलेल्या व्यक्तीला हा दर्जा मिळतो, आणि तो असेपर्यंत परदेशात मिळालेल्या व्याजावर, लाभांशावर किंवा घरभाड्यावर भारतात सहसा कर लागत नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन वर्षे मिळतो. शिवाय, मागील चार वर्षांत भारतातले एकूण वास्तव्य ३६५ दिवसांपेक्षा कमी असेल आणि परतण्याच्या आर्थिक वर्षात, आधीच्या सुट्टीचे दिवस धरूनही, भारतात १८२ दिवस पूर्ण होत नसतील, तर ते वर्षही अनिवासी म्हणूनच जाते. म्हणून सल्लागार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर या, असे सांगतात. अडचण अशी की राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या अनेक शाळा त्याआधी एप्रिलमध्ये. कराची बचत मोठी नसेल तर मुलाचा वर्गातला पहिला दिवस वाचवावा; ऑक्टोबरात, सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या असताना एकट्याने वर्गात शिरणे मुलांना फार जड जाते.

तिथले घर विकायचे असेल, तर विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत दोन वर्षे त्यात स्वतः राहिलेले असल्यास अडीच लाख डॉलरपर्यंतचा, आणि पती-पत्नीने एकत्र विवरणपत्र भरल्यास पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेत करमुक्त असतो. म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत व्यवहार पूर्ण व्हायला हवा. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्याला घाईने हात लावू नये, कारण वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी रक्कम काढल्यास कराशिवाय त्या रकमेवर आणखी १० टक्के दंड सहसा पडतो. सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट, म्हणजे तिथल्या कमाईवर जमा होणारे गुण, लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. भारत आणि अमेरिका यांच्यात याविषयी करार नसल्याने भारतातली नोकरी त्यात धरली जात नाही. साडेनऊ वर्षे नोकरी झालेल्याने निघण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

कायमचे परतल्यावर एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची बँक खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदतीपर्यंत ठेवता येते आणि परकीय चलन आरएफसी (निवासी परकीय चलन) खात्यात ठेवण्याची सोय आहे. अनिवासी असताना परदेशात घेतलेली मालमत्ता आणि समभाग 'फेमा' या परकीय चलनविषयक कायद्याखाली स्वतःकडे ठेवता येतात, म्हणून घाबरून सगळे विकून येण्याचे कारण नाही. अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पुण्यात राहूनही तिथले विवरणपत्र भरावे लागते, भारतातल्या खात्यांसह अमेरिकेबाहेरच्या खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेल्यास ती कळवावी लागते, आणि भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथे जाचक कर लागू शकतो. दोन्ही देशांचे करकायदे जाणणाऱ्या सल्लागाराची फी या सगळ्यापुढे किरकोळ आहे.

आरोग्य विम्याचे काम निघण्यापूर्वीच सुरू करावे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी भारतीय पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो, त्यामुळे मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने पॉलिसी जितकी लवकर घेतली तितके चांगले. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याचा, लाभ भारतातल्या उपचारांना मिळत नाही.

अमेरिकेला परत जाण्याची वाट किती काळ उघडी ठेवायची, हेही आताच ठरवावे. ग्रीन कार्डधारकाला वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल, तर री-एन्ट्री परमिटचा (पुन्हा प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि तो साधारणतः दोन वर्षांपुरता मिळतो. ही दोन वर्षे चाचणीची समजावीत. परतल्यानंतरचे पहिले सहा महिने बहुतेकांना कठीण जातात, त्यामुळे त्या काळात परत जाण्याविषयी निर्णय घ्यायचा नाही, असे दोघांनी आधीच ठरवलेले बरे.

इतके झाल्यावर एक तारीख निश्चित करावी, ती वहीत लिहावी आणि त्या दिवशी हो किंवा नाही म्हणावे. उत्तर "नाही" आले, तर त्याचीही कामे असतात आणि ती बहुतेक जण टाळतात: आई-वडिलांच्या इच्छापत्राविषयी बोलणे, बँक आणि घराच्या व्यवहारांसाठी भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करणे, गावच्या जमिनीचा सातबारा तपासून घेणे, रात्री-अपरात्री त्यांना रुग्णालयात नेणाऱ्या शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली देणे आणि त्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जपून ठेवणे. दर वर्षी किती दिवस आणि कोणत्या महिन्यांत त्यांच्याजवळ राहायचे, हेही त्याच पानावर लिहावे आणि त्या वर्षाची विमानाची तिकिटे त्याच आठवड्यात काढावीत.