जुन्या गिरण्या, जिनिंग आणि शकुंतलेची वाट पायी बघताना या चुका टाळा

गेली पंधरा-सोळा वर्षं मी विदर्भातल्या कापसाच्या गावांतून पायी हिंडतो आहे. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, खामगाव, मूर्तिजापूर, अचलपूर. बंद गिरण्या, जुन्या जिनिंग-प्रेस (जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात, प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधतात), मालधक्के, कामगारांच्या चाळी, शकुंतला या छोट्या रेल्वेचे रूळ. आता सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळीही यायला लागली आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर हिवाळ्यात, दर गावात त्याच त्या चुका दिसतात. काही चुकांमुळे फक्त दिवस वाया जातो, काहींमुळे पाय मोडतो.

चिमणीपासून सुरुवात करणं

एसटीतून उतरलं की गिरणीची चिमणी दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तिच्याखाली फोटो, भिंतीवर उगवलेल्या पिंपळाचा फोटो, चहा, आणि दुपारच्या गाडीनं परत. अशा माणसानं ते गाव पाहिलं असं मी मानत नाही. चिमणी बॉयलरचा धूर वर नेत होती, त्यापलीकडे ती फारसं काही सांगत नाही.

कापूस ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं चाला. आधी कापूस बाजार, मग जिनिंग, मग प्रेस, मग रेल्वेचा मालधक्का. गिरणी असेल तर ती त्यानंतर. या क्रमानं चाललात की गावाचा नकाशा आपोआप उलगडतो. जिनिंग स्टेशनलगत का दाटल्या आहेत, एखादा रस्ता गल्लीत असूनही दोन बैलगाड्या शेजारून जातील इतका रुंद का आहे, तेलाच्या गिरण्या जिनिंगच्या पाठीलाच का लागल्या आहेत, याची उत्तरं चालता चालता मिळतात. कापसातून रुई निघाली की मागे सरकी उरते. ती लांब कशाला न्यायची, तिथंच घाणा बसवला.

खामगावात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्ग खामगावला टाळून गेला होता, म्हणून १८७० मध्ये जलंबहून खास फाटा काढला, जेमतेम १३ किलोमीटरचा. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला तसाच फाटा गेला. एवढ्याशा अंतरासाठी रूळ टाकले, कारण सुटी रुई वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य. ती दाबून गाठी केल्या आणि थेट डब्यात चढवल्या तरच भाडं परवडणार. हे डोक्यात ठेवून स्टेशनपासून बाजाराकडे चाला, प्रत्येक गोदामाला अर्थ येतो.

इमारत ओळखण्याची माझी सवय साधी आहे. लांबट, बैठी, आत उंच ओट्यावर यंत्रांची रांग आणि खाली यंत्रं फिरवणारा लांबच लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, जायला जागा असेल तर ती जिनिंग. शेजारीच अरुंद पण उंच घर असेल तर ती बहुधा प्रेस, कारण रुई वरून पेटीत भरून दाबायची म्हणून उंची लागते. दोन्हींमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा उरली म्हणून तशी पडलेली नाही. रुईला ठिणगी लागली तर आग एका घरात थांबावी म्हणून ती मुद्दाम राखलेली आहे. नवखी मुलं नेमक्या त्याच जागेला ‘पडीक’ म्हणतात.

गिरणीचं करवतीच्या दातांसारखं छप्पर बघितलं की कुठली बाजू काचेची आहे ते पाहा. ती उत्तर. मागावर आणि सुतावर थेट ऊन पडू नये, पण उजेड भरपूर यावा, म्हणून काचा उत्तरेला. आपल्याकडे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे सरकतो, एरवी वर्षभर हा हिशोब चुकत नाही. परक्या गावात ढगाळ दिवशी दिशा चुकली तर मी छपराकडेच बघतो.

चौकीदाराला टाळून आत शिरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वर्धा जिल्ह्यातली एक बंद गिरणी होती. नागपूरहून आलेली दोन कॉलेजची मुलं माझ्यासोबत होती. त्यांना चारची गाडी पकडायची होती. गेटवर चौकीदार नव्हता, जेवायला गेला होता. मुलं म्हणाली, काका, मागची भिंत पडली आहे, तिथून जाऊ, अर्ध्या तासात बघून निघू. मी नको म्हणायला हवं होतं. वयानं मोठा मी होतो, जागा ओळखणाराही मीच होतो. मी हो म्हटलं.

आम्ही इंजिनघरात शिरलो. उंच, चिंचोळी खोली आणि एका भिंतीत वर उभी लांब फट. त्या फटीतून इंजिनाच्या मोठ्या चाकावरचे दोर वरच्या मजल्यांवरच्या शाफ्टकडे जायचे. मी तेच मुलांना दाखवत होतो. बोट वर होतं, नजर वर होती. जिथून दोर निघतात तिथं खाली चाकाचा खड्डा असतो, हे मला माहीत होतं आणि तेच मी त्या क्षणी विसरलो. खड्ड्यावर कधीकाळी फळ्या टाकलेल्या होत्या, त्यावर माती साचली होती, मातीवर गाजरगवत माजलं होतं. धाकटा मुलगा दोन पावलं पुढे गेला आणि कमरेपर्यंत खाली गेला. पाठीवरची बॅग एका लोखंडी तुळईला अडकली म्हणून तो तिथंच राहिला. खाली पावसाचं साचलेलं पाणी होतं. आम्ही दोघांनी त्याला बॅगेच्या पट्ट्यांना धरून ओढून काढलं. नडगी हाडापर्यंत सोलली होती. ग्रामीण रुग्णालयात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. चारची गाडी गेलीच.

आमचा आरडाओरडा ऐकून चौकीदार धावत आला होता. रागावला नाही, याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, “गेटापाशी दहा मिन्टं थांबले असते तं म्या सोता दाखवलं असतं न भाऊ. मले एकूण एक खड्डा मालूम हाय. माहा बाप इथंच बायलरवर होता.”

आठ दिवसांनी मी एकटाच परत गेलो, माफी मागितली आणि त्याच्यामागून सबंध गिरणी फिरलो. त्यानं मला तीन खड्डे, गवतात हरवलेली एक बिनकठड्याची विहीर आणि छपरावरचे कुजलेले पत्रे दाखवले. आमच्या अर्ध्या तासात यांतलं काहीही कुणाचाही जीव घेऊ शकलं असतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. गेटवर थांबायचं, कितीही वेळ लागो. पहिल्या भेटीत कॅमेरा बॅगेत. चौकीदार पुढे, मी मागे, आणि जिथं तो जात नाही तिथं मी जात नाही. हातात वेळूची काठी, पाऊल टाकण्याआधी जमीन ठोकायची. पोकळ आवाज आला की मागे फिरायचं. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही चढायचं नाही, तो दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा.

चौकीदार नाहीच म्हणाला तर? तर नाही. कित्येक बंद गिरण्यांच्या जागेचे दावे कोर्टात आहेत. तुमच्या एका फोटोपायी त्याची नोकरी जाऊ शकते. बाहेरून फिरा, चाळी बघा, पुढच्या वेळी पुन्हा विचारा. मला एका ठिकाणी चौथ्या खेपेला आत जायला मिळालं. ज्यांना पहिल्याच दिवशी सगळं हवं असतं त्यांनी किल्ले बघावेत, तिथं निदान तिकीट मिळतं.

“इंग्रजांनी बांधलं” म्हणून मोकळं होणं

जुनी वीट दिसली की ‘ब्रिटिशकालीन’. या एका शब्दानं आपल्या माणसांची मेहनत आणि पैसा दोन्ही पुसले जातात, म्हणून तो मला सहन होत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी उभी केली. ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. हिंगणघाटच्या गिरण्या बन्सीलाल अबीरचंद आणि रेखचंद मोहता यांच्या. राबणारे हात आजूबाजूच्या खेड्यांतले. याउलट शकुंतला खरोखरच विलायती भांडवलाची, किलिक निक्सन कंपनीची. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर अशी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. कुणी काय बांधलं हे प्रत्येक जागी वेगळं विचारावं लागतं.

तारखांचंही तसंच. रुळाच्या कडेवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. ते रूळ तयार केल्याचं साल, लाइन पडल्याचं नव्हे. मंगलोरी कौलाच्या पाठीवरचं नाव कौलाचं, भिंतीचं नव्हे. छपरं दर काही वर्षांनी बदलतात.

बाकीच्या चुका थोडक्यात

मे महिन्यात येणं. पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची हवा त्याहून वाईट. पावसाळाही नको, काळी माती चपलेला किलोकिलोनं चिकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, तेव्हा जिनिंग चालू असतात आणि बंद यंत्रं बघून न कळणारं सगळं एका तासात कळतं.

चालू जिनिंगमध्ये गमछा, ओढणी किंवा सैल बाह्या घालून जाणं. पट्टा कापड ओढतो आणि कापडासोबत माणूस. बिडी-सिगारेट गेटबाहेरच विझवा, हे खरं तर सांगायला लागू नये.

चिमणीखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली मान वर न करता उभं राहणं. वर आग्या मोहोळ आहे का ते आधी बघा. अत्तर नको, धूर नको, ड्रोन तर अजिबात नको. उठलंच तर तोंड झाकून लांब पळा, विहिरीत उडी मारू नका.

भिंतीला तडा दिसला की ‘पडायला आली’ म्हणणं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. मुरूम लागेपर्यंत पाया न खणलेल्या कंपाउंडच्या भिंती तडकतातच. मुख्य इमारत बहुधा ताठ उभी असते.

रुळांवरून चालणं. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मुख्य लाइन शेजारीच आहे आणि तिथं गाड्या जोरात येतात. शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना हद्दीत शिरण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छोट्या लाइनवर गाडी नाही म्हणून जमीन रेल्वेची राहिली नाही असं होत नाही. गाडीरस्ता आणि फाटकं धरून चाला, स्टेशनांच्या इमारती तिथूनही नीट दिसतात. पुलगावात तर कॅमेरा काढण्याआधी दोनदा विचार करा, तिथं लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे.

फक्त इमारती बघणं. चाळीत जा, ओट्यावर बसलेल्या आजोबांना ‘इतिहास सांगा’ म्हणू नका. ‘बाबाजी, पाळी कोणती होती तुमची?’ एवढंच विचारा. मग भोंगा, साचे, दुसऱ्याच्या जागी बदलीवर काढलेले दिवस, सगळं आपोआप येतं. मी त्या वेळी लिहीत नाही, वही बघितली की माणसं सावध बोलतात. परतीच्या एसटीत लिहितो.

आणि शेवटी, वस्तू उचलणं. रुळाचा खिळा, यंत्रावरची ओतीव पाटी, नाव असलेलं कौल. ‘भंगारातच जाणार आहे’ हे कारण मी फार ऐकलं. पाटी जागेवर असेल तरच ती कुठल्या यंत्राची हे कळतं. घरी नेली की ती नुसतं लोखंड. हवीच असेल तर ठसा घ्या. पाटी फडक्यानं पुसा, पातळ कागद चिकटपट्टीनं चारही कोपऱ्यांना घट्ट लावा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं एकाच दिशेनं घासा. सकाळी दव असताना कागद फाटतो, म्हणून दहाच्या पुढे करा. कागदाच्या मागे गाव, तारीख आणि पाटी कुठल्या भिंतीला होती ते तिथंच उभं राहून लिहा.